व्हॉन बंधू : अर्ध्या ओळीची मोकळी जागा

स्टीव्ही रे व्हॉन हा ब्लूज संगीतातील एक थोर गिटारवादक होऊन गेला, आणि त्याचा एक भाऊही गिटार वाजवतो, अशा क्रमाने ही दोन नावे बहुधा आपल्या कानी येतात. वयाचा क्रम मात्र उलटा आहे. जिमी व्हॉन थोरला; त्याचा जन्म २० मार्च १९५१ चा. स्टीव्ही धाकटा, त्याचा ३ ऑक्टोबर १९५४ चा. दोघेही अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहरी जन्मले, एकाच घरात वाढले आणि पुष्कळशा त्याच त्या तबकड्या ऐकून शिकले. धाकटा २७ ऑगस्ट १९९० रोजी, वयाची छत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच, हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. थोरला त्यानंतर कित्येक वर्षे एकट्याने वाजवत राहिला.

या दोघांची तुलना निघाली की दोन निकाल हमखास ऐकू येतात. सामान्य श्रोता म्हणतो, धाकटा श्रेष्ठ; त्याच्या बोटांत वीज होती, थोरल्याला तेवढे साधले नाही. जाणकार म्हणवणारा श्रोता किंचित हसून म्हणतो, छे, खरा कलावंत थोरलाच. तो थोडके वाजवतो आणि नेमके वाजवतो. मी स्वतः बरीच वर्षे या दुसऱ्या पंथाचा होतो, आणि त्या पंथाचा म्हणून एक सूक्ष्म अहंकार असतो, तोही मला होता. आता मला दोन्ही निकाल सारखेच अपुरे वाटतात. दोघेही स्वर मोजतात. एकाला जास्त संख्या थोर वाटते, दुसऱ्याला कमी. पण मोजणी तीच. ब्लूजमध्ये आधी पाहायची असते ती स्वरांच्या मधली जागा. ती जागा कोठून येते, हे कळल्यावाचून या दोन भावांच्या वादनाबद्दल काही बोलणे व्यर्थ आहे.

ब्लूजच्या पदाची घडण अगदी साधी आहे. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे एक आवर्तन असते आणि त्यात तीन ओळी बसतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसरीने त्या दोघींचा उलगडा करायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात. परंतु गाणारा त्यांतील साधारण दोनच वापरतो. उरलेले दोन खंड रिकामे राहतात. अर्धी ओळ शब्दांची, अर्धी ओळ मोकळी. या मोकळ्या अर्ध्या ओळीत वाद्य बोलते. गळ्याने विचारायचे आणि वाद्याने उत्तर द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

आपल्या वाचकांना ही रचना परकी वाटू नये. मिस्साच्या वेळी प्रतिसाद-स्तोत्र होते तेव्हा एक जण चरण गातो आणि सारी मंडळी त्याला उत्तर देते. लितानीत एकाने संतांचे नाव घ्यायचे आणि सर्वांनी विनवणी करायची. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये उपदेशक आणि सभा यांच्यात असाच सवाल-जबाब चाले, शेतावर राबणाऱ्यांच्या गाण्यांतही तो होता, आणि तेथूनच तो ब्लूजमध्ये आला. चर्चचे गाणे आणि ब्लूज यांच्यातील भिंत किती पातळ होती, हे पाहायचे तर थॉमस डॉर्सीकडे पाहावे. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूजचा पियानो वाजवणाऱ्या या माणसाने १९३२ साली बाळंतपणात पत्नी गेल्यावर आणि पाठोपाठ नवजात बाळही गेल्यावर ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे भजन रचले, आणि पुढे तो गॉस्पेल संगीताचा जनक मानला गेला. फरक एवढाच, की चर्चमध्ये उत्तर द्यायला मंडळी असते. ब्लूज गाणारा एकटा असतो. त्याला त्याच्या वाद्याशिवाय कोणी उत्तर देत नाही.

आणखी एक गोष्ट. ब्लूजमधील गंधार आणि निषाद हे शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कोठेतरी राहतात. पियानोच्या पट्ट्यांत ते सापडत नाहीत. गळ्यात सापडतात, आणि तारेवर सापडतात. गिटारवादक डाव्या हाताच्या बोटाने तार पडद्यावर दाबून बाजूला खेचतो आणि स्वर चढवत नेतो. आपले सतारिये मींड घेतात ती याच क्रियेने. स्वर कोठून निघाला यापेक्षा तो कसा चढला आणि कोठे थांबला याला ब्लूजमध्ये अधिक किंमत आहे, हे ज्याने सतार ऐकली आहे त्याला निराळे सांगायला नको.

आता त्या घराकडे वळू. डॅलसच्या ओक क्लिफ या भागात व्हॉन कुटुंब राहत असे. वडील अॅस्बेस्टॉसच्या कामावर मजुरी करणारे, पिणारे आणि तापट, आई मार्था. याच ओक क्लिफमध्ये एका पिढीपूर्वी टी-बोन वॉकर वाढला होता, ज्याने विजेच्या गिटारवर ब्लूज वाजवण्याची भाषाच घडवली. १९२९ साली त्याची पहिली तबकडी निघाली ती ‘ओक क्लिफ टी-बोन’ या नावाने. परंतु टी-बोनचा ओक क्लिफ आणि व्हॉन बंधूंचा ओक क्लिफ यांच्यामध्ये वर्णभेदाची रेघ होती. कृष्णवर्णीयांचे संगीत या गोऱ्या मुलांपर्यंत आले ते रेडिओवरून आणि तबकड्यांवरून. या संगीतावर आपला जन्मसिद्ध हक्क नाही, हे दोघेही जाणून होते. मला वाटते, दोघांच्याही वादनात जो एक प्रकारचा हट्टी आदर आहे, मूळ वादकांची नावे पुन्हा पुन्हा घेण्याची जी सवय आहे, तिचे मूळ येथे आहे.

जिमीच्या हाती गिटार आले ते अपघाताने. शाळेत फुटबॉल खेळताना गळ्याजवळचे हाड मोडले, घरी बसावे लागले, आणि वेळ घालवण्यासाठी कोणीतरी गिटार दिले. स्टीव्हीला सातव्या वर्षी सिअर्सच्या दुकानातले खेळण्यातले गिटार मिळाले. मग थोरल्याने टाकलेली गिटारे एकामागून एक धाकट्याकडे येऊ लागली. त्यांतील एका फेंडर गिटारच्या पाठीवर जिमीने आपले घरचे नाव ‘जिंबो’ कोरून ठेवले होते. धाकटा ते नाव छातीशी धरूनच वाजवत असे. थोरला घरात असताना त्याच्या वाद्याला हात लावायची मनाई, आणि तो बाहेर पडला की तेच हाती घ्यायचे, हा क्रम आपल्याकडील कोणत्याही दोन भावांच्या घरात शोभेल असा आहे. दोघेही कानाने शिकले. स्टीव्हीला स्वरलिपी वाचता येत नसे.

जिमी शाळकरी वयातच घराबाहेर पडला आणि ‘द चेसमेन’ या वाद्यवृंदातून वाजवू लागला. पुढे तो ऑस्टिनला गेला. काही वर्षांनी शिक्षण सोडून धाकटाही गेला. मधल्या काळात जिमीच्या ‘टेक्सास स्टॉर्म’ या वृंदात स्टीव्ही काही दिवस बास गिटार वाजवत होता, म्हणजे थोरल्याच्या हाताखाली, त्याच्या पायाचे दगड रचत. या तपशिलाकडे चरित्रकारांचे लक्ष फारसे रेंगाळत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे चौदा-पंधरा वर्षांनी हे नाते नेमके उलट झालेले आपल्याला दिसते.

दोघांच्या शैलीतील भेद स्वभावातून आला असे सांगण्याचा मोह होतो. थोरला मितभाषी, धाकटा भावनावश. म्हणून एकाचे वादन संयत, दुसऱ्याचे उसळते. हे खोटे नसेल, पण त्याने काही समजत नाही. त्याहून साधे आणि भक्कम कारण त्यांच्या वाद्यवृंदांच्या रचनेत आहे. १९७४ साली जिमीने गायक व माउथऑर्गनवादक किम विल्सन याच्यासह ‘द फॅब्युलस थंडरबर्ड्स’ हा वृंद उभारला. १९७५ साली क्लिफर्ड अँटोन याने ऑस्टिनमध्ये ‘अँटोन्स’ हा ब्लूजचा क्लब उघडला, आणि थंडरबर्ड्स तेथे मुक्कामी वाजवू लागले. शिकागोहून, लुईझियानाहून येणाऱ्या बुजुर्ग गायक-वादकांना तेथे ते साथ करीत. आता या वृंदात मोकळी अर्धी ओळ भरायला आधीच एक माउथऑर्गन हजर आहे. गिटारच्या वाट्याला उरते ती त्या मोकळ्या जागेतील एक फट. जिमीने आपली कला त्या फटीत वाढवली.

स्टीव्हीचा ‘डबल ट्रबल’ हा वृंद मुळात तिघांचा: टॉमी शॅननचे बास, ख्रिस लेटनचे ड्रम, आणि स्टीव्ही. गाणाराही तोच, उत्तर देणाराही तोच. त्याच्या ओळीनंतर जी जागा उरते ती भरायला दुसरे कोणीही नाही. ‘प्राइड अँड जॉय’ हे त्याचे गाणे नीट ऐकावे. खालच्या जाड तारांवर बासची चाल चालली आहे, त्याच वेळी वरच्या तारांवर तुटक स्वरमेळ उलट्या फटकाऱ्याने वाजत आहेत, आणि गळा मोकळा होताच त्यांतूनच सुरावट उसळते आहे. तीन माणसांचे काम एक हात करतो. याला कोणी उधळपट्टी म्हणत असेल तर त्याने त्या वृंदात दुसरे कोण होते ते आधी मोजावे. कीबोर्डवादक रीस वायनन्स त्यांना मिळाला तो १९८५ मध्ये, आणि तो आल्यानंतरच्या तबकड्यांत स्टीव्हीचे गिटार ठिकठिकाणी श्वास घेऊ लागते, हे माझ्या म्हणण्याला पोषकच आहे.

स्टीव्हीच्या हाताबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्या वादनाचे रहस्य वेगात आहे असा समज सर्वत्र पसरला आहे. त्याच्याहून वेगाने वाजवणारे शेकडो झाले. त्याने निवडलेल्या तारा जाड असत. इतर वादक पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची लावीत तेथे तो ०.०१३ इंचाची लावी. अशा तारा खेचणे म्हणजे बोटांची सालडी काढून घेणे. त्याची बोटे सोलवटत, आणि तो ती चिकटद्रव्याने सांधून पुन्हा वाजवायला उभा राहत असे. तारांचा ताण थोडा कमी व्हावा आणि गळ्यालाही सोयीचे व्हावे म्हणून तो सारे गिटार अर्ध्या स्वराने खाली उतरवी. परिणाम असा, की त्याचा प्रत्येक चढवलेला स्वर प्रतिकारावर मात करून वर आलेला असतो. ऐकणाऱ्याला तो प्रतिकार ऐकू येतो. लॅरी डेव्हिसने १९५८ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘टेक्सास फ्लड’ हे गाणे स्टीव्हीने आपल्या पहिल्या तबकडीत घेतले आणि तबकडीलाही तेच नाव दिले. ती १९८३ मध्ये निघाली; पण ध्वनिमुद्रण झाले होते १९८२ च्या नोव्हेंबरात, अवघ्या तीन दिवसांत, जवळजवळ मैफलीसारखे सलग. त्या संथ गाण्यात गळ्याची ओळ संपते न संपते तोच गिटार पुढे येते. उत्तर देण्याची त्याला घाई आहे असे प्रथम वाटते. पुन्हा ऐकावे: ती घाई नाही, उत्तर आधीच ओठांशी आलेले आहे. अल्बर्ट किंगची लांब खेच त्यात आहे, बडी गायचा अनावरपणा आहे, जिमी हेंड्रिक्सचा गजर आहे. आणि तरीही एका खंडात तो कोणाचा राहत नाही, स्वतःचा होतो.

थोरल्याकडे यावे तर सारे दृश्यच पालटते. जिमी पुष्कळदा नखी बाजूला ठेवून अंगठ्याने आणि बोटांनी वाजवतो. टेक्सास-लुईझियानाच्या जुन्या वादकांप्रमाणे तो कॅपोचा, म्हणजे दांडीवर आवळून सगळ्या तारा एकदम चढवणाऱ्या चिमट्याचा, उपयोग करतो. त्यामुळे मोकळ्या तारांचा खणखणीत नाद कोणत्याही पट्टीत हाताशी राहतो. त्याच्या अँप्लिफायरचा आवाज स्वच्छ असतो. चूक झाकायला त्यात धूळ नसते. फ्रेडी किंग, जिमी रीडच्या मागे साथ करणारा एडी टेलर, जॉनी ‘गिटार’ वॉटसन हे त्याचे गुरू. आणि त्यांच्या जोडीला जीन अॅमन्ससारखा सॅक्सोफोनवादक. हे शेवटचे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. गिटार वाजवणाऱ्याला तशी सक्ती नाही, बोटे दमेपर्यंत त्याला थांबायचे कारण नसते. जिमीने ती सक्ती स्वतःवर लादून घेतली. त्याची ओळ तेथेच तुटते जेथे वाऱ्यावर वाजवणाऱ्याचा दम संपला असता. थंडरबर्ड्सची १९७९ ची पहिली तबकडी ऐकताना कित्येक ठिकाणी असे होते, की विल्सनची ओळ संपली, आपण गिटारची वाट पाहिली, ते आले नाही, आणि मग आपण आशा सोडली तेव्हा दोनच स्वर आले, किंचित उशिरा. त्या उशिरातच त्याची सही आहे.

अर्थात या शैलीचेही दुबळे क्षण आहेत. १९८६ च्या ‘टफ इनफ’नंतर थंडरबर्ड्सना जे व्यापारी यश मिळाले त्यात जिमीची काटकसर काही वेळा नुसती सुबक सजावट होऊन बसते. थोडके वाजवणाऱ्याला आळसाचा धोका असतो, जसा भरपूर वाजवणाऱ्याला सवयीचा. आमच्या पंथाच्या लोकांनी ही बाजू कधी कबूल केली नाही.

येथे एक प्रसंग सांगतो. व्हॅटिकन परिषदेनंतर गिटार आपल्या वेदीजवळ आले, आणि आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदातही आले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळच्या एका गीतात दोन चरणांच्या मध्ये एक तरुण मुलगा भराभर स्वरांची माळ गुंफीत असे. मी त्याला एकदा, वडीलकीच्या सुरात, जिमी व्हॉनचे उदाहरण दिले: बाळ, थांबायला शीक. त्याने आदराने ऐकून घेतले आणि म्हणाला, “अंकल, मी थांबलो तर ती जागा कोण सांभाळणार? आपला ऑर्गन बंद पडून सहा महिने झाले.” मला उत्तर सुचले नाही. स्टीव्हीच्या त्रिकुटाविषयी मी वर जे लिहिले आहे, त्याचा निम्मा वाटा त्या मुलाचा आहे.

स्टीव्हीबद्दल लिहिताना व्यसनाचा विषय टाळता येत नाही. दारू आणि कोकेन यांनी त्याला पोखरले होते. २७ ऑगस्ट १९८६ रोजी वडील वारले. त्यानंतर महिन्याभरातच युरोपच्या दौऱ्यात जर्मनीत तो कोसळला. लंडनमध्ये उपचार झाले, मग अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील रुग्णालयात. तेव्हापासून मरेपर्यंत, सुमारे चार वर्षे, तो पूर्ण व्यसनमुक्त राहिला. बारा पायऱ्यांचा मार्ग त्याने धरला होता आणि मैफलीत श्रोत्यांशी तो त्याविषयी उघड बोलत असे. ज्या सभांतून माणसे उभी राहून आपले नाव सांगतात आणि आपली अगतिकता कबूल करतात, तशा सभा आपल्याकडेही धर्मग्रामांच्या खोल्यांतून भरतात. त्यांत कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा बसलेला असतो. म्हणून कलावंताच्या व्यसनाविषयी जे रम्य बोलले जाते, त्याची आपल्या वाचकांपुढे तरी झडती घ्यायला हवी.

ते बोलणे असे, की त्या वादनातला अंगार व्यसनातून येत होता. पुरावा तपासू. १९८६ च्या ‘लाइव्ह अलाइव्ह’ या मैफलींच्या तबकडीतले वादन त्याच्या सर्वांत वाईट दिवसांतले आहे. त्यात हात चालतो, कान चालत नाही. लांबलेल्या गाण्यांत तेच ते पेच पुन्हा येतात. मोकळी जागा उरतच नाही, कारण गळ्याने काय विचारले याकडे गिटारचे लक्षच नाही. आणि १९८९ ची ‘इन स्टेप’ ही शुद्धीत आल्यावरची तबकडी. तीत स्वर कमी झालेले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. ‘क्रॉसफायर’मध्ये तो पूर्वीइतकाच भरघोस आहे. संयमाने सुधारलेला, शहाणा झालेला, थोरल्यासारखा झालेला स्टीव्ही शोधायला जाल तर निराश व्हाल. बदलले आहे ते ऐकणे. शेवटची ‘रिव्हिएरा पॅराडाइज’ ही जवळजवळ नऊ मिनिटांची शब्दविरहित रचना दिवे मंद करून एकाच दमात ध्वनिमुद्रित झाली. फीत संपत आली तरी वाजणे चालूच होते, आणि कसेबसे ते फितीच्या टोकाआधी थांबले. तीत गळा नाही. म्हणजे प्रश्नही गिटारचा आणि उत्तरही गिटारचे. आणि प्रथमच असे वाटते की प्रश्न विचारून झाल्यावर वाजवणारा खरोखर थांबला आहे, उत्तर काय येईल ते त्यालाही ठाऊक नाही.

या दोघांच्या नात्याची आठवण होते तेव्हा मला लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला हटकून आठवतो, आणि त्यातील एक बारीक तपशील. थोरला शेतातून परत येतो तेव्हा घरात धाकट्यासाठी मेजवानी चालली आहे हे त्याला प्रथम कळते ते गाण्याबजावण्याच्या आवाजावरून. संगीत ऐकून तो दाराबाहेरच थांबतो. आत जायला तयार होत नाही. व्हॉन बंधूंच्या बाबतीत धाकट्याचे संगीत जगभर वाजू लागले तेव्हा थोरल्याला दाराबाहेर थांबण्यास पुरेशी कारणे होती. गिटार त्याचे, तबकड्या त्याच्या, ऑस्टिनची वाटही त्याने मळलेली. आणि १९८४ साली ब्लूजच्या क्षेत्रातील हँडी पुरस्कारांत वर्षातील श्रेष्ठ कलावंत म्हणून धाकट्याचे नाव आले, तो मान मिळवणारा पहिलाच गोरा वादक म्हणून. त्याच वर्षीच्या ‘कुडन्ट स्टँड द वेदर’ या स्टीव्हीच्या तबकडीत दोन गाण्यांवर साथीच्या गिटारसाठी जिमीचे नाव आहे. त्यांतील ‘द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू’ हे गिटार स्लिमचे जुने गाणे. धाकटा पुढे खेळतो आहे, आणि मागे कोणीतरी लय अशी धरून ठेवली आहे की तिच्यावर कितीही भार टाकावा. तेथे जिमीने एकही स्वर स्वतःच्या नावावर केलेला नाही. टेक्सास स्टॉर्ममध्ये धाकट्याने थोरल्याचा पाया धरला होता. ते ऋण येथे फिटले, असे म्हणावे का? भावाभावांत ऋण हा शब्द कितपत लागू पडतो कोणास ठाऊक.

दोघांनी मिळून एकच तबकडी केली, ‘फॅमिली स्टाइल’, १९९० मध्ये, नाइल रॉजर्स या निर्मात्याच्या हाताखाली. स्टीव्हीचे गिटार जगाने प्रथम ऐकले ते डेव्हिड बोवीच्या १९८३ च्या ‘लेट्स डान्स’मध्ये, आणि तिच्या निर्मितीतही हाच रॉजर्स होता. श्रोत्यांना दोन गिटारांचे द्वंद्व हवे होते. ते मिळाले नाही, म्हणून पुष्कळांचा हिरमोड झाला. तबकडी सैल आहे, काही गाणी नुसती गंमत आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तीत ‘ब्रदर्स’ नावाची एक संथ रचना आहे, जिच्याकरिता या तबकडीचे शंभर दोष पोटात घालावेत. तीत दोघांनी एकच गिटार एकमेकांच्या हाती देत वाजवले. म्हणजे तारा त्याच, त्यांची जाडी तीच, आवाजाचे यंत्र तेच. समीक्षकाला आयुष्यात असा नितळ पुरावा क्वचितच मिळतो. वाद्याचा, सामग्रीचा, ध्वनिमुद्रणाचा सगळा फरक वजा केला, आता उरेल तो केवळ हाताचा फरक. आणि तो ऐकू येतो! पण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. काही ठिकाणी एकाने ओळ कोठे सोडली आणि दुसऱ्याने कोठे धरली, हे मला अजून खात्रीने सांगता येत नाही. धाकटा थोरल्याच्या उशिराची वाट पाहतो. थोरला एके ठिकाणी तार अशी ओढतो की ती खेच ओक क्लिफच्या त्या खोलीत दोघांनी मिळून ऐकलेल्या कोणत्या तरी तबकडीची असावी. ज्यांना मी इतकी वर्षे दोन पंथ समजत होतो ते एकाच घरचे बोलणे होते, हे मला या रचनेने दाखवले.

तबकडी बाजारात आली २५ सप्टेंबर १९९० रोजी. त्याच्या चार आठवडे आधी, २६ ऑगस्टच्या रात्री, विस्कॉन्सिन राज्यातील आल्पाइन व्हॅली येथे एरिक क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि हे दोघे भाऊ अखेरच्या गाण्यासाठी एकत्र उभे राहिले होते. मैफलीनंतर धुके होते. स्टीव्हीला लवकर परतायचे होते; हेलिकॉप्टरमध्ये एकच जागा होती आणि ती त्याने भावाकडून मागून घेतली. मध्यरात्रीनंतर ते हेलिकॉप्टर जवळच्या टेकडीवर आदळले आणि पाचही जण ठार झाले. वडिलांच्या मृत्यूला त्या दिवशी चार वर्षे झाली होती. ओळख पटवण्यासाठी जिमी आणि क्लॅप्टन यांना जावे लागले. डॅलसमध्ये वडिलांच्या शेजारीच स्टीव्हीला पुरले.

त्यानंतर जिमी बराच काळ रंगमंचापासून दूर राहिला. १९९३ साली क्लॅप्टनच्या आग्रहावरून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो पुन्हा उभा राहिला, आणि १९९४ मध्ये ‘स्ट्रेंज प्लेझर’ ही त्याची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. तीत ‘सिक्स स्ट्रिंग्ज डाउन’ हे भावाविषयीचे गाणे आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ऑस्टिनमध्ये स्टीव्हीच्या स्मरणार्थ मैफल झाली; बी. बी. किंग, बडी गाय, बॉनी रेट, क्लॅप्टन अशा एकेकाने त्याचे एकेक गाणे गायले आणि मग सर्वांनी मिळून हेच गाणे म्हटले. गाण्यात स्वर्गाचे चित्र आहे: आधी गेलेले ब्लूजचे थोर वादक तेथे जमले आहेत आणि नव्याने आलेल्याचे स्वागत करीत आहेत. जिमी त्यांची नावे घेत जातो, एकामागून एक, कोणत्याही विशेषणाशिवाय. लितानी म्हणतच लहानाचे मोठे झालेल्या आपणां लोकांना ती चाल कळायला क्षणही लागत नाही. तबकडीवरील गाण्यात नावांच्या प्रत्येक ओळीनंतर ती जुनी मोकळी जागा येते. स्टीव्हीच्या तबकड्या ज्याच्या कानात मुरल्या आहेत त्याला तेथे काय वाजले असते ते आपोआप ऐकू येते. जिमी दोन-तीन स्वर वाजवतो, किंचित उशिरा, आणि उरलेली जागा तशीच ठेवतो.